सायलेन्सरमधलं बिऱ्हाड

मित्रांनो, मी एक जुनी मोटारसायकल आहे. जुनी म्हणजे अगदी जुनी. इंजिन आणि नंबरप्लेट सोडली, तर माझ्या अंगावरचं बाकी सगळं दुसऱ्या गाड्यांवरून उतरवलेलं आहे. आरसा एकीचा, सीट दुसरीची, आणि मागचा दिवा कुणाचा ते देवालाच ठाऊक! पण म्हणून मी मान खाली घालत नाही. चालत्या गाडीने कुणाला लाजायचं?

माझा जन्म मोठ्या कारखान्यात झाला. तिथून मी शिळफाट्याला राजेशशेठ नावाच्या दुकानदाराकडे आले. काय ते दिवस होते! रोज सकाळी ओल्या फडक्याने अंग पुसलं जायचं. "शेठची गाडी, एका किकमध्ये चालू," असं सगळा बाजार म्हणायचा आणि मी फुगायचे. मग शेठनी चारचाकी घेतली आणि माझ्याकडे बघायला कुणाला सवड राहिली नाही. शेवटी खोपोलीच्या चढावर धूर ओकत मी बंद पडले, ती चौक गावात नवीन नावाच्या मिस्त्रीच्या गॅरेजमागे जाऊन उभी राहिले. तिथे चार पावसाळे काढले. चाकांतून गवत उगवलं. ज्याला जे लागेल ते तो माझ्या अंगावरून काढून नेई. फार रडू यायचं, पण मोटारसायकल रडते हे ऐकणार कोण?

दिवाळी झाल्यावर एक माणूस आला आणि माझ्यासमोर उकिडवा बसला. त्याचं नाव धाकलू. कशेळ्याच्या वर डोंगरात त्याची वाडी. कर्जतच्या एका फार्महाउसवर तो माळीकाम करायचा.

"ही मला दे," तो म्हणाला.

नवीन हसला. "अरं, ही काय गाडी हाय? नुसता सांगाडा. चालू गाडी दाखवतो तुला."

"चालू गाडी मला झेपायची नाय. ही मी सोता दुरुस्त करीन."

"कधी केलीयस का?"

"नाय. पण बागंतला पंप मीच खोलतो आन् मीच बसवतो."

नवीन भला माणूस. त्याने नट खोलायचे दोन जुने पाने आणि स्वतःचा फोन नंबर दिला आणि म्हणाला, "अडलास तर फोन कर. लाजू नको."

टेंपोने मला डांबरी रस्ता संपेपर्यंत आणलं. पुढची कच्ची वाट धाकलूने मला ढकलत नेलं. घामाने निथळत होता, पण थांबेना. एवढा अट्टहास कशाला, ते मला ओट्यावरच्या बोलण्यातून कळलं. दोन वर्षांपूर्वी त्याच्या बायकोच्या, संध्याच्या, पोटात दुखू लागलं, तेव्हा वाडीत एकही गाडी नव्हती. चौघांनी तिला डोली करून खाली नेलं. वाट लांब, पाय निसरडे. संध्या वाचली, बाळ गेलं. आता ती पुन्हा पोटुशी होती, सहावा महिना सरत आला होता.

म्हणजे मित्रांनो, मला तीन महिन्यांत चालू व्हायचं होतं. माझ्या आयुष्यात कुणी माझी एवढी वाट पाहिली नव्हती.

धाकलू रोज कामावरून आला की दिवस मावळेपर्यंत माझ्यापाशी बसे. त्याने टाकीत खडे घालून ती हलवून हलवून गंज काढला. कार्बोरेटर रॉकेलमध्ये बुडवून घासला. सायलेन्सर काढला, जाळून काजळी झाडली आणि पडवीत भिंतीला टेकवून ठेवला. साखळी आणि प्लग यायला वेळ लागला. महिना गेला, दुसरा सरला. एका रविवारी त्याने सगळं जोडलं आणि किक मारली.

फुर्र झालं आणि मी गप्प.

पुन्हा किक, पुन्हा फुर्र, पुन्हा गप्प. आठ दिवस हेच! बिचाऱ्याने कार्बोरेटर तीनदा खोलला. मला ठाऊक होतं काय झालंय ते. माझा श्वास कोंडत होता. पण सांगू कशी?

आणखी एका माणसालाही ठाऊक होतं. धाकलूची आई, चंद्राबाई. ती रोज येऊन म्हणे, "वरचं काय खोलायचं ते खोल. त्या नळकांड्याला मात्र हात लावू नको रं." धाकलूला वाटे, म्हातारी उगाच बडबडते.

नवव्या दिवशी त्याने नवीनला फोन केला. नवीन म्हणाला, "तू किक मार, आन् कुणाला तरी मागं नळीपाशी हात धरायला सांग. हवा येते का बघ."

संध्याने हात धरला. हवा येईना. धाकलूने वाकून आत पाहिलं, तर नळीत मातीचं गच्च बूच! सायलेन्सर पडवीत होता तेव्हा कुंभारणीने, म्हणजे मातीचं घर बांधणाऱ्या माशीने, त्यात आपलं घर केलं होतं.

त्याने स्क्रूड्रायव्हर उचलला. चंद्राबाईने त्याचं मनगट धरलं.

"हात लावू नको! पोटुशी बाई असलेल्या घरात कुंभारीण घर बांधते, तवा पाळणा हलतो. मी पयल्या दिशीच बघितलं व्हतं. बोललं की फळत नाय, म्हनून गप बसले."

"आये, अगं गाडी चालू व्हायची नाय त्यानं!"

"नको होऊ दे. गेल्या टायमाला घरात कुंभारीण आली नव्हती. काय झालं ते बघितलं ना?"

धाकलूचा हात खाली आला. आईपुढे त्याचं काही चालेना. मला तर वाटलं, संपलं आता, पुन्हा गवत उगवणार.

मग संध्या बोलली, अगदी हळू. "आई, गेल्या टायमाला कुंभारीण नव्हती, खरं हाय. पन मी डोलीत पडून गाडीचीच वाट बघत व्हते वं."

डोळे पुसून चंद्राबाई उठली आणि बांबूची पातळ कामटी घेऊन आली. माझ्यामागे बसून, नळीच्या कडेकडेने कामटी फिरवत, तिने ते घर सोडवलं. एवढासा कोपरा तुटला, बाकी अख्खं निघालं. ओंजळीत धरून तिने ते घरात नेलं, दाराच्या वरच्या तुळईला ओल्या मातीने चिकटवलं आणि कुंभारणीला म्हणाली, "मोडलं नाय हां, बाई. बिऱ्हाड हलवलं फकस्त." मग धाकलूकडे वळून, "आता मार लाथ."

एका किकमध्ये! मित्रांनो, अशी गरजले की वाडीतली कुत्री पळाली.

पुढे पंधरा दिवसांनी सकाळी संध्याला कळा सुरू झाल्या. पुढे धाकलू, मध्ये संध्या, मागून तिला धरून चंद्राबाई. खड्डे चुकवत, दगड सांभाळत मी उतरले. माझं सगळं लक्ष मधल्या बाईकडे होतं. कशेळ्याच्या सरकारी दवाखान्यात आम्ही वेळेत पोचलो. दुपारी मुलगी झाली. रडणं बाहेरपर्यंत ऐकू आलं आणि धाकलू माझ्या टाकीवर डोकं ठेवून ढसाढसा रडला.

चौथ्या दिवशी आम्ही परत आलो. चंद्राबाई आदल्या दिवशीच डांबर संपेपर्यंत जीपने आणि तिथून चालत घरी आली होती. दारात तिने मायलेकींवरून भाकरतुकडा ओवाळला. तो फेकायला हात उचलला, आणि थांबली. माझ्यापाशी आली, तोच तुकडा माझ्या दिव्याभोवती तीनदा फिरवला, मग लांब फेकला.

"हिलाबी नजर लागंल," ती म्हणाली. "माझी नात हिनं आनलीया."

मित्रांनो, दारात पडलेल्या जुन्या गाडीला भंगार म्हणण्याआधी घटकाभर तिच्यापाशी बसा आणि तिचा श्वास कुठे अडलाय ते शोधा. तिच्यावाचून कुठल्या तरी वाटेवर कुणीतरी अडलेलं असतं.