ड्रायव्हर आजोबांचं पत्र

“बाबा, माणूस गेला की तुम्ही त्याच्या घरी रडायला जाता की पुस्तकं बघायला?”

हा प्रश्न माझा नव्हता. मैत्रिणींनी पैज लावली होती, आणि यंदा वक्तृत्वात पहिली आल्यापासून मला कुणी ‘तुझ्यात हिंमत नाही’ म्हटलेलं अजिबात खपत नाही. चष्म्याच्या दुकानाच्या पायरीवर तिघी तोंड दाबून उभ्या होत्या. बाबा आत मशीनवर काच घासत होते. त्यांनी काच उजेडात धरली, फुंकर मारली आणि म्हणाले, “दोन्हीला. आधी रडायला.”

पायरीवर हशा पिकला. मीही हसले. कान मात्र गरम झाले, कारण ते खरंच होतं. बाबा पेपर निधनाच्या बातम्यांपासून वाचायला घेतात. जुना कार्यकर्ता, कुण्या मंत्र्याचा सहायक, असं कुणी गेलेलं दिसलं की महिनाभर थांबतात आणि मग इस्त्रीचा शर्ट घालून भेटायला जातात. गेलेल्या माणसाच्या आठवणी मनापासून ऐकतात आणि निघताना हळूच विचारतात, “काही जुनी पुस्तकं वगैरे आहेत का हो?” पुढाऱ्यांनी सही करून दिलेली पुस्तकं आणि त्यांची पत्रं, हा बाबांचा छंद. आई त्याला दुखणं म्हणते. “या पुढाऱ्यांना म्हणावं, माझ्या कपाटातून तरी राजीनामा द्या.” पण खरा मोठा मासा बाबांच्या गळाला कधी लागला नाही. तो गाडीतून येणारे डॉक्टर नाहीतर वकील घेऊन जायचे. बाबांच्या वाट्याला उरलेसुरले आमदार.

हसणाऱ्या तिघींत खारूताई होती. एका जागी टिकत नाही म्हणून आम्ही ठेवलेलं नाव. ती सरळ आत आली. “काका, आमचे आजोबा गेले ना मागच्या महिन्यात, त्यांना आलेलं एक पत्र आहे. भिंतीवर लावलंय. रविवारी या. कुणी बघायला आलं की आजीला बरं वाटेल.”

घरी आल्यावर मी म्हटलं, “नका ना जाऊ. माझ्या मैत्रिणीचं घर आहे ते.”

“मग तूही चल,” बाबा म्हणाले.

खारूताईचे आजोबा सरकारी ड्रायव्हर होते. ज्या मंत्र्यांची गाडी त्यांनी चालवली, ते पुढे पंतप्रधान झाले, आणि पत्र त्यांचंच होतं. आजीने फ्रेम तळहाताने पुसली आणि पत्र पाठ म्हणून दाखवलं. “‘तुमच्या हातात गाडी असली की मला झोप लागते.’ असं लिहिलंय बघा. ज्या दिवशी आलं त्या दिवशी सगळी गल्ली आमच्या दारात. आमचे हे तर पोस्टमनलाच मिठी मारून बसले.”

बाबांनी कागद फ्रेममधून काढला आणि खिडकीशी नेला. छापाची सही सपाट लागते. पेनाने केलेली असली की बोटाला बारीक खोबण लागते. काचा घासून घासून बाबांच्या बोटांना असलं सगळं कळतं. त्यांनी सहीवरून एकदा बोट फिरवलं, मग पुन्हा फिरवलं.

“मावशी, वाईट वाटून घेऊ नका. शिक्का आहे हा. ऑफिसातला कारकून मारायचा. साहेबांना पत्तासुद्धा नसायचा, कुणाला काय गेलंय त्याचा.”

आजी माझ्याकडे वळली. “तुलाही शिकवलं असेल ना गं बाबांनी? तू बघ बरं.”

मी बोट फिरवलं. सहीच्या शेपटाशी खोबण होती. चांगली खोल. मी बाबांकडे पाहिलं, तर ते खिडकीच्या गजाकडे बघत होते. बाजूला खारूताई उभी. तिच्यादेखत माझ्या बापाला खोटं पाडायचं? सभेत शेकडो माणसांपुढे न अडखळणारी मी म्हणाले, “हो आजी. शिक्काच आहे.”

आजी रडली असती तर बरं झालं असतं. ती हसली. “आणि मी मेली रोज पुसत बसले. न्या हो, तुमच्या उपयोगी पडलं तर. फ्रेममध्ये या नातीचा फोटो लावीन.”

“तुम्हाला त्याचं काही...” बाबा पुटपुटले.

“शिक्क्याचं काय घ्यायचं?”

घरी येताच बाबांनी पत्र दिव्याखाली धरलं आणि आईला हाक मारली. “ये, बघ. त्यांच्या स्वतःच्या हातची सही आहे.”

“अहो, मग त्यांनी दिली कशी?”

“दिली,” बाबा म्हणाले. आईने माझ्याकडे पाहिलं. मी दप्तर आवरायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी डबा खाताना खारूताई म्हणाली, “आजी आजोबांवर रुसलीय. त्यांचा फोटो पालथा घालून ठेवलाय. म्हणते, एवढी वर्षं फुशारकी मारली, मलाही नाचवलं. मेलेल्या माणसाशी कुणी भांडतं का गं?” मग माझ्या डब्यातला घास उचलून म्हणाली, “पण तुझे बाबा चांगले आहेत हं. तोंडावर खरं सांगितलं. नाहीतर कोण सांगतं?”

मी डबा तिच्याकडे सरकवला.

संध्याकाळी आईबाबा चहा घेत होते. मी सगळं सांगितलं, पालथ्या फोटोसकट. आईने कप खाली ठेवला. बाबांनी चष्मा काढला, पुसला, तसाच हातात धरला.

“आयुष्यात एकदा हाताशी आलं होतं गं,” ते म्हणाले. “देऊ परत. जातो मी. माझी नजरचूक झाली म्हणून सांगतो. होतं असं.”

“हो, तसंच सांगा,” आई हळूच म्हणाली. “पोरींची मैत्री तरी राहील.”

मोह मलाही झाला. खूप झाला. मी टेबलावरून पत्र उचललं.

“नजरचूक नाही बाबा. बोटाला तुमच्याही लागलं होतं आणि माझ्याही. उद्या शाळा सुटली की मी हे घेऊन आजींकडे जाणार, आणि खारूताईसमोर सांगणार, की आम्हाला माहीत होतं. ती बोलायची थांबली तर थांबली. तुम्ही येत असाल तर दोघं जाऊ. नाहीतर मी एकटी जाईन.”