औनींच्या घरानं दिलेला शब्द

सल्त गावाच्या चढावर औनींचं पिवळ्या दगडाचं घर आहे, आणि त्या घराला बोलायची सवय आहे.

सवय औनींनीच लावली. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली बाकीची माणसं अंगणात अंजीर लावतात, मशिदीच्या पायरीवर गप्पा मारत बसतात. औनींनी घरभर तारा खेळवल्या. पडदे ऊन बघून आपोआप सरकायचे, आणि कधीकधी ऊन नसतानाही, केवळ हौसेनं. ऑलिव्हच्या बरणीला मीठ कमी पडलं की ती कुरकुरायची. आठवड्यातून एकदा नळाला पाणी यायचं त्या दिवशी गच्चीवरच्या टाकीतून औनींचा आवाज गरजायचा, "पाणी आलं! पाणी आलं!" की अर्धी गल्ली बादल्या घेऊन बाहेर. एकदा पाणी न येताच टाकी ओरडली होती. त्यानंतर औनी काही दिवस मागच्या गल्लीतून ये-जा करत होते.

घराला आवाजही त्यांनी स्वतःचाच दिला. परक्या माणसाचा आवाज घरात का म्हणून ठेवायचा? दार लावून बसायचे आणि एकेक वाक्य यंत्रात भरायचे. पत्नी नजाह जपमाळ ओढत दारावरून जायची, तेव्हा आतून ऐकू यायचं, "या, या! घर तुमचंच आहे!"

"अहो, कोण आलंय?"

"कोणी नाही गं. घराला शिकवतोय."

"शिकवा," नजाह म्हणायची. "माझ्याशी लग्न झाल्यापासून इतकी वाक्यं बोलला नाहीत."

या सगळ्यात औनींचा जीव होता तो बैठकीतल्या टेबलावर. या टेबलाला वजन कळायचं. कोणाचा पेला भरलेला, कोणाचा रिकामा, सगळं बरोबर. त्यालाही कारण होतं. एका शुक्रवारी औनी पाहुण्यांना पडद्यांची करामत दाखवत बसले आणि त्यांच्यासमोरची कॉफी पार थंड झाली. पाहुणे उठून गेल्यावर नजाह काही बोलली नाही, नुसती नमाजाला उभी राहिली आणि नेहमीपेक्षा बराच वेळ उठली नाही. औनींना ते बोलण्यापेक्षा जास्त लागलं. तेव्हापासून भरलेला पेला फार वेळ तसाच राहिला की टेबल आग्रह करी. पहिल्यांदा सौम्य: "कॉफी घ्या ना." मग जरा जोरात: "अल्लाची शपथ, घेतल्याशिवाय उठायचं नाही!" आणि तरीही पाहुणा बधला नाही तर भल्या घरचा यजमान जसं सगळं ओवाळून टाकतो तसं: "मागाल ते तुमचं! आता तरी घ्या!"

पाहुणे खूश व्हायचे. टेबलालाही, औनींच्या मते, बरं वाटायचं.

आता त्यांच्या मुलीचं सांगायला हवं. नुवार एकुलती एक. बाजारपेठेच्या वरच्या अंगाला तिची कवळ्या बनवण्याची छोटी कार्यशाळा होती. सल्तमधले निम्मे म्हातारे तिनं केलेल्या दातांनी मांस चावत आणि तिला दुवा देत. तिचं कुतैबाशी जमलं होतं. मुलगा गुणी, पण माणसं करकची, पार दक्षिणेकडची, आणि त्याचे वडील अबू कुतैबा यांचं म्हणणं एकच की सून करकला नांदेल. कुतैबाला सल्तला राहायला काहीच हरकत नव्हती. वडिलांसमोर ते सांगायला मात्र होती.

गुरुवारी मुलाकडची जाहा यायची ठरली, म्हणजे त्यांची वडीलधारी मंडळी रीतीनं मुलगी मागायला येणार. रीत साधी आहे. मंडळींच्या म्होरक्यापुढे कडू कॉफीचा पेला ठेवतात. तो पेल्याला हात लावत नाही, आधी मागणं मागतो. काय बोलायचं, कुठली अट घालायची, ते त्याच वेळी. मुलीच्या बापानं "कॉफी घ्या" म्हटलं आणि म्होरक्या ती प्यायला की शब्द पडला. मग आभाळ कोसळलं तरी फिरत नाही.

आदल्या दिवशी नुवार वडिलांसमोर येऊन बसली.

"बाबा, कॉफीच्या आधी माझी अट सांगायची. सगळ्यांदेखत. मी कार्यशाळा सोडणार नाही, बिऱ्हाड सल्तमध्येच होईल."

"सांगतो की."

"तुम्ही पडद्याकडे बघताय."

औनींनी नजर वळवली.

"बाबा, तुम्ही सगळी वाक्यं घराला देऊन टाकलीत. हे एक माझ्यासाठी ठेवा. तुमच्या तोंडानं."

औनींनी बोटं डोळ्यांना लावली. "माझ्या डोळ्यांची शपथ," ते म्हणाले.

"आणि उद्या घर बंद," नजाहनं आतूनच सांगितलं. "टाकी, बरणी, पडदे, सगळं. आणि घर चालवणारा तुमचा तो फोन माझ्या पदरात."

गुरुवारी नजाहचा नेहमीप्रमाणे उपास होता. कॉफी तिनं चाखलीसुद्धा नाही, वासावरून वेलची टाकली. औनींनी टाकी बंद केली. बरणी बंद केली. पडदे बंद केले. टेबलापाशी आले आणि त्यांचा हात थांबला. बैठकभर माणसं येणार, आणि हे सगळ्यात गुणी लेकरू गप्प बसवायचं? पेले तर पटापट संपतील. कोणाला कळणारही नाही. त्यांनी फोन नजाहच्या हातात ठेवला आणि "सगळं बंद" असं म्हणाले.

दुपारच्या नमाजानंतर जाहा आली. सगळ्यात पुढे मिझहर पाशा, सैन्यातून निवृत्त झालेले, मिशा पांढऱ्याशुभ्र, अशा असंख्य जाहांचे म्होरके. मागे अबू कुतैबा, मग कुतैबा मान खाली घालून, मग काकेमामे, मेहुणे, शेजारी. औनींच्या बाजूला त्यांचे म्हातारे दियाब काका. कोणे काळी दोन-दोन टोळ्यांची भांडणं मिटवलेले, आता नुवारनं केलेल्या कवळीनं खजूर चावत बसलेले. बायका आतल्या खोलीत.

पाशांपुढे पेला आला. पाशांनी तो रीतीप्रमाणे टेबलावर ठेवला, तसाच, भरलेला. घसा खाकरला. परमेश्वराचं स्मरण केलं, मग करकच्या पूर्वजांचं, मग औनींच्या घराण्याच्या पूर्वजांचं सुरू केलं. पाशांचं भाषण लांब असतं हे औनींना ठाऊक होतं. टेबलाला ठाऊक नव्हतं.

"कॉफी घ्या ना," औनींचा आवाज आला.

पाशा थबकले. औनींचे ओठ बंद होते. घाईनं त्यांनी ते हलवले आणि हसले.

"घेऊ, घेऊ," पाशा जरा नाराजीनं म्हणाले. "घाई कसली औनी? मी अजून तुमच्या पणजोबांपर्यंतच आलोय."

खोलीत हशा पिकला. टेबलाला गप्प करायचे दोनच मार्ग होते. फोन, तो पडला आतल्या खोलीत, नजाहच्या पदरात. नाहीतर मोठ्यानं म्हणायचं, "पुरे, गप्प बस."

पाशा औनींच्या पणजोबांच्या शौर्याचं वर्णन करत होते.

औनी टेबलाकडे झुकले आणि दाताआडून पुटपुटले, "पुरे, गप्प बस."

"ऐकू आलं नाही," टेबल म्हणालं. "जरा मोठ्यानं बोला."

पाशांनी आवाज चढवला. "मी म्हणत होतो, तुमचे पणजोबा वाघ होते, वाघ!"

"अल्लाची शपथ, घेतल्याशिवाय उठायचं नाही!"

"अहो, उठतोय कोण?" पाशा म्हणाले. त्यांच्या मिशा थरथरू लागल्या होत्या.

अबू कुतैबा शेजाऱ्याच्या कानाला लागले. "बाप फारच उतावीळ दिसतो. मुलीत काही खोट नाही ना?"

औनी उभे राहिले. बसले. पुन्हा उभे राहिले. "पाशा, मला एक सांगायचंय, आत्ता, ताबडतोब—"

"मागाल ते तुमचं!" त्यांच्याच आवाजात टेबल गरजलं. "आता तरी घ्या!"

मग पाशांनी उदार मनानं पेला उचलला, ओठाला लावला, खाली ठेवला. "अल्हम्दुलिल्लाह. अजून मागणं मागायचं होतं, पण काय दिलदार माणूस!" माणसांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. आतून बायकांनी जीभ हलवत काढलेल्या आनंदाच्या आरोळ्यांच्या लहरी उठल्या, एकीवर एक, छत फाटेल अशा.

आणि मग त्या लहरी एकाएकी थांबल्या. दारात नुवार उभी होती.

"बाबा, तुम्ही बोललात?"

"नाही गं! घर बोललं!"

"घर," नुवार म्हणाली. औनींना वाटलं, तिनं दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. तिच्यामागे नजाह उभी होती, फोन हातात घेऊन. ती फोनकडे बघत होती आणि फोनवर टेबलाचा हिरवा दिवा लागलेला होता.

"कोण बोललं म्हणता?" अबू कुतैबांनी विचारलं.

औनींनी सगळं कबूल केलं, वजनाच्या काट्यापासून तिन्ही आग्रहांपर्यंत. मंडळींनी वाकून टेबल पाहिलं. कोणी तरी त्याच्यावर टिचकी मारली.

"ते काही मला माहीत नाही," अबू कुतैबा म्हणाले. "आवाज औनींचा. कॉफी औनींची. शब्द पडला. मुलगी करकला येणार."

"थांबा," दियाब काका म्हणाले. त्यांनी खजुराची बी काढून बशीत ठेवली आणि कवळी जागेवर बसवली. "बोलणाऱ्याचं वय काय?"

"कोणाचं, काका?"

"टेबलाचं."

"मागच्या बकरी ईदच्या आधी आणलं."

"म्हणजे अजून दात नाहीत. अजाण लेकराचा शब्द धरत नाहीत."

"लेकरू कसलं!" अबू कुतैबा उसळले. "लाकूड आहे ते!"

"मग लाकडाचा शब्द तुम्ही कसा धरलात?"

यावर बराच खल झाला. कोणी म्हणालं, यजमानाच्या छपराखालचं सगळं यजमानाचंच, तेव्हा शब्दही त्याचाच. कोणी विचारलं, उद्या बकरी ओरडली तर मुलगी द्यायची का? एकानं सुचवलं, टेबलासाठी जामीन घ्यावा. दुसऱ्यानं विचारलं, टेबल पळून जाणार कुठं?

शेवटी पाशांनी हात वर केला. "भांडू नका. टेबल शहाणं की अजाण, ते राहू द्या. पेला मी प्यायलो, आणि म्होरक्या प्यायला की विषय संपला. मी आयुष्यभर हेच केलंय."

नुवारनं दाराची चौकट धरली.

"कॉफी घ्या ना," टेबल म्हणालं.

सगळे वळले.

"कोणाला म्हणतंय?" दियाब काकांनी विचारलं.

औनींनी पाहिलं. पाशांच्या पेल्याजवळचा बारीक दिवा लुकलुकत होता. औनींच्या तोंडातून शब्द निघून गेले, "पाशांना. पेला भरलेला आहे."

दियाब काका हळूहळू उठले, पाशांपुढच्या पेल्यात डोकावले. "काठोकाठ," ते म्हणाले.

पाशांचा चेहरा पडला. "डॉक्टरनं बंद केलीय हो," ते अगदी बारीक आवाजात म्हणाले. "छातीत धडधडतं. मी नुसत्या मिशा भिजवतो. कोणाला कळत नाही."

"कधीपासून?"

पाशा खिशात रुमाल शोधू लागले. तेवढ्यात मागच्या रांगेतून एक जाडजूड गृहस्थ उभे राहिले. "पाशा! माझ्या लग्नाला तुम्हीच म्होरके होतात!"

"माझ्याही!" दुसरा उठला. "मला चार मुलं आहेत!"

"आम्ही काय इतकी वर्षं आमच्याच घरात नुसते पाहुणे म्हणून राहतोय?"

गलका उडाला. पाशा रुमालानं मिशा पुसत होते. अबू कुतैबा उठता उठता पुन्हा बसले, कारण त्यांच्याही लग्नाचे म्होरके पाशाच होते. आतून कुतैबाच्या आईचा आवाज आला, गोड आणि स्पष्ट, "अहो, म्हणजे मी मोकळी आहे का?"

औनींनी नुवारकडे पाहिलं. ती त्यांच्याकडेच बघत होती, अजून चौकट धरूनच. ते टेबलासमोर ताठ उभे राहिले आणि छाती भरून ओरडले, "पुरे! गप्प बस!"

टेबल गप्प झालं. पाशाही गप्प झाले. सगळी खोली गप्प झाली.

"मंडळी, माफ करा," औनी म्हणाले. आवाज त्यांचाच, पण जरा फाटका, यंत्रात भरलेल्यासारखा घोटीव नव्हता. "माझी मुलगी दात बनवते. तिच्या हाताला अल्लानं बरकत दिलीय. ती कार्यशाळा सोडणार नाही आणि बिऱ्हाड सल्तमध्येच होईल. हे मान्य असेल तर मुलगी तुमची. नसेल तर कॉफी थंड होऊ द्या. आज कोणीही आग्रह करणार नाही."

अबू कुतैबांनी तोंड उघडलं.

"मान्य!" कुतैबा म्हणाला. इतक्या जोरात, की त्याचा तोच दचकला. "बाबा, मला मान्य आहे."

"आणि तुम्ही हो म्हणा," आतून त्याची आई म्हणाली. "मी अजून ठरवलेलं नाही राहायचं की नाही."

अबू कुतैबांनी दाराकडे पाहिलं, पाशांकडे पाहिलं, टेबलाकडे पाहिलं. "मान्य," ते म्हणाले.

औनींनी पेला स्वतःच्या हातानं उचलून पाशांपुढे धरला. "कॉफी घ्या, पाशा. मागायला आलात ते मिळालं."

या खेपेला पळवाट नव्हती. पाशांनी बिस्मिल्ला म्हटलं आणि पेला संपवला. दियाब काकांनी तो उलटा करून सगळ्यांना दाखवला. आतून पुन्हा लहरी उठल्या, आणि पाशा छातीवर हात ठेवून म्हणाले, "धडधडतंय. पण बरं वाटतंय."

ते जाडजूड गृहस्थ रिकामा पेला घेऊन पुढे आले. "पाशा, आता बसलाच आहात, तर माझ्याही नावानं एक घोट..."

मंडळी गेल्यावर नजाहनं सूर्य मावळताच मगरीबच्या अजानला खजुरानं उपास सोडला आणि फोन औनींच्या हातात परत दिला. "सगळं बंद, म्हणाला होतात," एवढंच बोलली. औनींनी मान खाली घातली. मग उठून पडदा सरकवला, तोही हातानंच.

नुवार त्यांच्यासाठी पेला घेऊन आली.

"बाबा, भाड्याचं घर दोन गल्ल्यांपलीकडेच बघितलंय कुतैबानं."

"हो का?" औनींचे डोळे चमकले. "दाराची रुंदी किती असेल गं? म्हणजे, कोण आलंय ते दारालाच कळलं, तर—"

"बाबा."

"आणि कवळ्यांच्या बरणीला आवाज दिला तर—"

"बाबा, माझं दार मी हातानं उघडणार. मान्य?"

औनींनी मान हलवली.

"तोंडानं म्हणा," नुवार म्हणाली, आणि पेला हातातच धरून उभी राहिली.