पाणी तिरकं की मी तिरकी?

अहो, जरा थांबा की! मी टाकी बोलतेय. गाझियाबादकडच्या मराठी सोसायटीची, काँक्रीटची, जमिनीवर बसलेली चौकोनी टाकी. वय फार नाही, पण अंगावरच्या भेगा बघाल तर आजीच म्हणाल. माझी शाळा म्हणजे सोसायटीच्या मिटिंगा. त्या माझ्या सावलीत भरतात, म्हणून अर्धवट का होईना, शिकलेली आहे.

दिल्लीभोवती नव्या वसाहती उगवत होत्या, तेव्हा दिल्लीतल्याच लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरांतली मंडळी इथे घरं बांधायला आली. नकाशात माझी जागा मधोमध, कडक जमिनीवर होती. ती बघून सेक्रेटरी श्यामकांतरावांनी कपाळाला हात लावला.

"मग गणपतीचा मांडव कुठे घालायचा? टाकी कोपऱ्यात सरकवा!"

ठेकेदार म्हणाला, "साहब, उधर आधे में पुराना जोहड है. मिट्टी डालके भरा है."

जोहड म्हणजे गावतळं. श्यामकांतराव खूश झाले. "तळंच ना? मग पाण्याची टाकी तिथेच शोभेल. बिल्कुल चलेगा!"

सगळे हसले. मीही हसले असते, पण तेव्हा मी नुसती खडी आणि वाळू होते.

पहिली वर्षं मजेत गेली. श्यामकांतराव स्कूटर माझ्या भिंतीला खेटून लावून गेले की मी ओव्हरफ्लोचं पाणी नेमकं सीटवर सोडायची. ते वर बघून पंपवाल्याला शिव्या द्यायचे.

मग एक दिवस पाणीच तिरकं झालं. खरंच सांगते! कोपऱ्याकडे काठोकाठ, दुसऱ्या टोकाला वीतभर खाली. मी सरळ, जमीन सरळ, मग पाणी का कलंडलं? माझं डोकंच चालेना. 'ए' बिल्डिंगचा पाइप त्या उथळ टोकाला, म्हणून त्यांचे नळ आधी कोरडे पडायचे.

"कुमुदताई, तुमची 'बी' बिल्डिंग सगळं पाणी ओढते!" श्यामकांतराव ओरडायचे.

"हो ना, आम्ही स्ट्रॉ लावून बसतो!" तळमजल्यावरून कुमुदताई उत्तर द्यायच्या. त्यांचं स्वयंपाकघर माझ्या कोपऱ्याला अगदी खेटून आहे.

भांडण मिटवायला मला दिवसरात्र गच्च भरून ठेवू लागले. वजन वाढलं, आणि त्या कोपऱ्यात मला उभी भेग पडली.

कुमुदताईंची अक्षया इंजिनिअर आहे. दिल्लीत वाढलेली पोर, मराठी अर्धी, अक्कल पूर्ण. ती म्हणाली, "काका, पाणी लेव्हलच आहे. टाकी टेढी झालीय. भरावावरची बाजू खचतेय."

म्हणजे तिरकी मी? मला काही पटेना.

तिने भेगेवर आडवी काचेची पट्टी चिकटवली. "ही तुटली तर समजायचं, टाकी अजून हलतेय. लगेच रिकामी करा. नाहीतर ही भिंत आईच्या किचनवर येईल."

मला वाटलं, बांगडी भरली. मी मिरवत होते.

गणपतीच्या तोंडावर काच तुटली. श्यामकांतरावांनी इकडेतिकडे बघितलं, दुकानातून नवी, जाड काच आणली आणि तिथेच चिकटवली. हात झटकून म्हणाले, "घ्या! आता मजबूत झाली."

मी हसून हसून फुटणारच होते. मग भिंतीपलीकडचा कुकरचा आवाज ऐकला आणि हसू आवरलं.

ऐन आरतीच्या वेळी जाड काचही तडकली. भेगेतून पाण्याची धार सुटली, थेट खिडकीतून गॅसवर. कुमुदताई भिजलेल्या पदराने बाहेर आल्या. "श्यामकांतराव, तुमची मजबूत काच मोदकांच्या पातेल्यात आहे हो!"

श्यामकांतरावांनी टाळ टाकले. ते धावले आणि स्वतःच्या हाताने वॉल्व्ह उघडून त्यांनी मला रिकामी केली.

आता टँकर येतो. मी कोरडी आहे, हलकी आहे, तरी कुमुदताईंच्या बाजूला अजून कलतेच आहे. का, ते मला कळत नाही. कमिटी म्हणते, "प्लास्टर मारून बघू." काय बघणार, बाबांनो?

रविवारी मिटिंग आहे. मला पाडायचं का, असं विचारतील. 'ए' असो की 'बी', सगळ्यांनी हात वर करा. मी कुणाकुणाची चेष्टा केली असेल, पण ही चेष्टा नाही.

आणि पाडाल त्या दिवशी कुमुदताईंना हाताला धरून बाहेर आणा. नुसती हाक मारू नका. त्या आतून म्हणतात, "आले, एवढी पोळी होऊ दे." मला त्या एका पोळीची भीती वाटते.