सेनापती ऑर्वेनची सात पानं

नाइरला कादंबरीतला सेनापती ऑर्वेन भयंकर आवडायचा. त्याने स्वतःचं शहर शत्रूला विकलं होतं, आपला गुन्हा जिवलग मित्राच्या माथी मारला होता, आणि तरीही दुसऱ्या खंडाच्या शेवटी तो मित्राच्या थडग्यापाशी बसला तेव्हा ती हमसून हमसून रडली होती. "वाईट आहे म्हणूनच तर खरा वाटतो!" असं ती अख्ख्या पाइसांदू गावाला ऐकवायची. नुसते सज्जन नायक म्हणजे तिच्या लेखी निखाऱ्यांवर भाजलेलं बिनमिठाचं मांस.

तिसऱ्या खंडाची वाचनालयात एकच प्रत होती. आधी ब्रिसाने नेली, मग सेल्वाने. पुढची पाळी नाइरची. सेल्वाने पुस्तक परत केलं तर त्यातली सात पानं गायब! वाचनालयाच्या एल्वियाबाईंनी तिचं कार्डच रद्द केलं. "बाई, आधीपासूनच नव्हती हो," सेल्वा रडत सांगत होती. नाइरने तिला सगळ्या वर्गासमोर पानचोर म्हटलं.

आणि आज शाळा सुटल्यावर नाइर आणि ब्रिसा ब्रिसाच्या अंगणात नेहमीसारख्या एकाच तुंब्यातून आळीपाळीने कडू पाल्याचा चहा पीत बसल्या. थर्मासमधलं गरम पाणी संपलं म्हणून दुसरा थर्मास आणायला नाइर आत गेली. ब्रिसाच्या कपाटाचं दार उघडंच होतं. आतल्या बाजूला ती सात पानं चिकटपट्टीने डकवलेली. वर लिपस्टिकचे ओठ उमटलेले.

"ब्रिसा! हे काय गं?"

"ऑर्वेनचा कबुलीजबाब!" मागोमाग आलेली ब्रिसा लाजत हसली. "मला रोज वाचायला हवा होता."

"आणि सेल्वा?"

"ती कुठे एवढी वाचते! शिवाय मला वाईट वाटलंच की. दोन दिवस धड जेवले नाही. मी थोडी ऑर्वेनसारखीच आहे बघ, गुंतागुंतीची."

"तो निदान कबूल तरी करतो!"

"शेवटी करतो. मीपण करेन, शेवटी."

पुस्तकात जे वाचून नाइर रडली होती, ते इथे लिपस्टिक लावून दात काढत होतं. शी!

दोघी अंगणात आल्या. ब्रिसाने भोपळ्याचा तुंबा भरून पुढे केला. नाइरने नळीने एक घोट घेतला आणि तुंबा परत दिला. "आभारी आहे."

ब्रिसाचा चेहरा पडला. पोट भरलं, आता नको, असं असेल तरच गावात कुणी तुंबा परत देताना आभार मानतं.

"एकाच घोटात?"

"हो."

नाइरने आत जाऊन पानं ओरबाडून काढली. कपाटाचा रंगही निघाला. निघू दे!

सेल्वाच्या दाराशी मात्र तिने कडी वाजवायला वेळ लावला. दार उघडलं.

"काय, आणखी काही चोरलं का मी?" सेल्वाने विचारलं.

"मला फार वाईट वाटतंय गं, मी..." नाइर म्हणाली आणि थबकली. हे तर ब्रिसाचंच वाक्य! तिने ते गिळून टाकलं आणि पानं पुढे केली.

"ब्रिसाने फाडली. आणि तुला चोर मी म्हटलं होतं, सगळ्यांसमोर. चल, एल्वियाबाईंना सांगू. मग वर्गातही सांगते."

सेल्वाने ओठांचे ठसे पाहिले. "ई!" म्हणाली आणि चपला घालू लागली.