बाराच्या उन्हातलं दव

शाळेतून निवृत्त झालो तो मी. माझं तोंड अजून नोकरीवर आहे. दर पावसाळ्यात जुन्नरची मुलं एसटीनं मढला नेतो आणि कातळावरच्या ओलीत उगवणारी रानफुलं दाखवतो. त्या वर्षी सातवीतल्या सिद्धीला यायचंच होतं. पण तिची आजी, कापडवाल्या भंवरलालशेठच्या झमकूबाई, ऐकेनात.

"पर्युषण आहे, मास्तर. ओल्या गवतात पाय टाकायचा नाही. किती जीव मरतात!"

म्हटलं, फूलच घरी नेऊन दाखवावं, आजींचं मन वळेल. शेवाळासकट ढेकूळ डब्यात घालून आणलं. वीतभर रोप, गुलाबी फूल, दोऱ्यासारख्या पानांवर चमकणारे थेंब. नाव मला ठाऊक नव्हतं. ते न सांगता "काय नाजूक जीव आहे बघा," म्हणालो.

"उपटलंत?"

"छे! मातीसकट आणलंय."

आजी विरघळल्या. "किती गरीब दिसतं हो!" डबा त्यांनी स्वतः खिडकीत ठेवला. परवानगी आता ओठांवर आली होती.

सिद्धी वाकून बघत होती. "सर, बारा वाजले, ऊन पडलंय. दव अजून वाळलं कसं नाही?"

असा प्रश्न आला की मला घर, माणसं, सणवार काही दिसत नाही. भिंग काढलं. थेंबात एक चिलट चिकटलेलं, पान त्याच्याभोवती वळलेलं.

"ओळख पटली!" मी ओरडलो. "दवबिंदू म्हणतात या रोपाला! दव नव्हे, चिकट रस आहे तो. किडे धरतं आणि जिरवतं हे रोप! शाबास, सिद्धी!"

शाबासकीला कुणीच हसलं नाही.

"पर्युषणात," आजी म्हणाल्या. "माझ्या घरात."

सिद्धीचे डोळे भरले. "सर, तुम्ही पण ना..."

"फेकून देतो," मी पुटपुटलो.

"फेकता काय? त्यालाही जीव आहे. जिथलं तिथं लावा."

"लावतो ना, रविवारी मुलांबरोबर..."

"तुम्ही? वाटेत कुणी प्रश्न विचारला की डबा एसटीतच राहायचा. सिद्धी, तू जा. स्वतः लाव. आणि दगडांवरून चाल, गवतावरून नाही."

रविवारी मढपर्यंत डबा सिद्धीच्या मांडीवर होता. मी तोंड उघडलं की ती म्हणे, "सर, आधी लावू द्या."