तेल लावलेल्या कडीची साक्ष

मी एक जुनी लोखंडी कडी आहे, मित्रांनो, पण सध्या मला दार नाही. मी एका कापडी पिशवीत आहे. पिशवीचे तोंड शिवलेले आहे, टाक्यांवर लाखेचे सील आहे आणि ही पिशवी एका पोलीस ठाण्याच्या मालखान्यात, म्हणजे जप्त वस्तूंच्या खोलीत, एका कपाटात ठेवलेली आहे. आत उजेड येत नाही.

माझा जन्म रामाकोना गावातल्या एका लोहाराच्या भट्टीत झाला. त्याने गज तापवला, ठोकून सरळ केला आणि धरायला एक मूठ वाकवली. मी सरकती कडी. दारावरच्या दोन लोखंडी वाळ्यांतून सरकत जायचे आणि चौकटीच्या भोकात शिरायचे, एवढेच माझे काम. आधी मी एका गोठ्याच्या दाराला होते. मग सौंसरच्या रस्त्यावरील एका संत्रा शेडमध्ये, दाराच्या आतल्या बाजूला बसले. शेडमालक पाहुण्यांना मला दाखवून म्हणे, "हत्ती आला तरी हे दार उघडनार नाही." ते ऐकून मला बरे वाटे.

शेडमध्ये बाया संत्री निवडत. त्यांचे रसाने ओले हात मला लागत. रसात आम्ल असते, आम्लाने लोखंड लवकर गंजते आणि गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. मी माझ्याच वाळ्यांत फुगून बसले. तेलाचा थेंब मला कोणी दिला नाही. हलवायचे तर मूठ वर उचलून दोन्ही हातांनी झटका द्यावा लागे. तरी मी हलेनच असे नव्हते. देवकाबाई, शेडमधली सर्वांत जुनी बाई, म्हणे, "हे कडी माह्या सासूसारखी हाय वं. एकदा बसली का उठत नाही!" साऱ्या बाया हसत.

देवकाबाईच्या शेजारी एक तरुण बाई निवडायला बसायची. तिचे नाव मी सांगणार नाही. कायदा ते सांगू देत नाही, आणि मलाही सांगावेसे वाटत नाही.

एका संध्याकाळी बाया निघाल्या तेव्हा शेडचा मुकादम हेमंत तिला म्हणाला, "तू थांब. पेट्यांची झाकणं राहिली, ठोकून जा." ती थांबली. त्याने दार लोटले आणि झाकणे ठोकायच्या हातोडीने मला ठोकत चौकटीत बसवले.

"दार काहून लावून राहिले? मले घरी जाऊ द्या," ती म्हणाली. मग ती "नको" म्हणाली. पुन्हा म्हणाली. ती माझ्याकडे धावली आणि दोन्ही हातांनी मला ओढू लागली. मी हलले नाही. कडीला मन असून उपयोग नसतो. घर्षण कडीच्या मनाला विचारत नाही. हेमंतने तिच्यावर अत्याचार केला. याहून जास्त मी सांगणार नाही. नंतर त्याने त्याच हातोडीने मला मागे ठोकले आणि तो निघून गेला.

ती तशीच देवकाबाईच्या घरी गेली आणि तिला सारे सांगितले. पुढे ती जेवेना, बोलेना. घरच्यांना वाटले, हिला बाहेरचे काही लागले. त्यांनी तिला जामसांवलीला हनुमानाच्या दर्शनाला नेले. परत आल्यावर ती म्हणाली, "मले काही लागलं नाही. मले ठाण्यात न्या."

पोलिसांनी वाळ्यांसकट मला दारापासून सोडवले. पंचनाम्यात 'लोखंडी कडी, एक' असे लिहिले. मी सरकते की अडते, हे कोणी करून पाहिले नाही. मी पिशवीत गेले. लोहाराच्या भट्टीतून निघाल्यापासून एवढा अंधार मी प्रथमच पाहिला. आता मला कळत होते, बंद होणे म्हणजे काय.

मालखाना तुळशीराम हवालदाराकडे होता. हा माणूस वस्तूंवर जीव लावणारा. पावसाळ्यात उंदरांनी माझी पिशवी कुरतडली. दसऱ्याला ठाण्यातल्या शस्त्रांची पूजा असते, म्हणून तो सगळे लोखंड पुसत बसला होता. फाटक्या पिशवीतून मी दिसले.

"अरे बाप्पा! काय हाल करून ठेवले लेकाच्यांनी!" तो मला म्हणाला. त्याने मला घासले, वाळ्यांमध्ये तेल सोडले, कुंकू लावले, एक झेंडूचे फूल वाहिले. मग कुंकू पुसून त्याने मला नव्या पिशवीत घातले, शिवले आणि ठाण्याचे सील लावले. इतक्या वर्षांनी कोणी माझी काळजी घेतली होती. मी इतकी हलकी झाले की बोटाने सरकावे. मला आनंद झाला. पण अंधारात पडल्यापडल्या हळूहळू लक्षात आले: मी आता त्या संध्याकाळची कडी राहिले नव्हते. मला न्यायालयात नेतील, आणि मी खोटे सांगेन. तोंड नसलेल्या वस्तूला आपली साक्ष दुरुस्तही करता येत नाही.

सुनावणी बंद दाराआड झाली. ती साक्षीला उभी राहिली, पण शिपायाने दार लावले तशी नाव सांगता सांगता थांबली. न्यायाधीश बाईंनी लेखणी खाली ठेवली. त्या म्हणाल्या, "बाहेरच्यांनी ऐकू नये म्हणून दार लावलं आहे. तुम्हाला जायचं असेल तेव्हा सांगा, लगेच उघडतील." तिने मान हलवली आणि पुढे सांगू लागली.

मग हेमंतचे वकील उभे राहिले.

"ओरडल्या का नाही?"

"आवाजच निघाला नाही."

"अंगावर ओरखडा का नाही?"

"नाही आला."

"याआधी तुमची कोणाशी मैत्री होती?"

"हा प्रश्न चालणार नाही," न्यायाधीश बाई म्हणाल्या.

मग माझी पिशवी कापली गेली. वकिलांनी मला टेबलावर ठेवले आणि करंगळीने सरकवले. मी गेले. परत आले. आवाजसुद्धा झाला नाही.

"लहान पोरगं उघडंल अशी कडी हाय ही. आणि तुम्ही म्हणता, निघता आलं नाही? खोटं बोलून राहिल्या तुम्ही."

तिने माझ्याकडे पाहिले. मला ओरडायचे होते, मित्रांनो. तेल, तेल, तेल!

"तवा हालत नव्हती," ती म्हणाली. "आता काहून हालते, मले नाही मालूम."

देवकाबाईला वकिलांनी विचारले, "तुम्ही तिथं होता का?"

"नव्हती. असती तं हा इथं असा इस्त्री करून उभा राहिला असता का?"

"विचारलं तेवढंच सांगा."

"तेच सांगून राहिली. रडत आली, मले सांगितलं. जे आज सांगितलं तेच."

पुढच्या तारखेला तुळशीरामची साक्ष झाली. सरकारी वकिलांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "मुद्देमाल आला तसाच ठेवला होता ना?"

"तसाच कसा ठेवीन साहेब? सडून राहिली होती ते कडी. दसऱ्याले घासली, तेल दिलं, नवी पिशवी शिवली. एक नंबर ठेवली!"

सरकारी वकिलांनी कपाळाला हात लावला. तुळशीरामने एकेकाच्या तोंडाकडे पाहिले. "काही चुकलं का साहेब?" त्याने हळूच विचारले.

निकालाच्या दिवशी न्यायाधीश बाई म्हणाल्या, "या कडीचं सील मध्येच उघडलं गेलं आणि तिची स्थिती बदलली. त्यामुळे ती कोणत्याही बाजूचा पुरावा म्हणून धरता येत नाही." झाले. सगळे पाहिलेली, ऐकलेली मी हिशेबातून बाद झाले. मला वाटले, आता तिच्याकडे काय उरले? ओरखडा नाही, आरोळी नाही, तक्रारीला उशीर, आणि एकुलती एक कडीही गेली.

बाई पुढे वाचत होत्या. पीडितेचे बोलणे विश्वास ठेवण्याजोगे असेल, तर केवळ त्याच्या बळावरही गुन्हा सिद्ध होऊ शकतो. त्या संध्याकाळी देवकाबाईला, मग पोलिसांना, मग न्यायालयात तिने सांगितले; बारीकसारीक तपशील मागेपुढे झाले, पण मूळ गोष्ट एकच राहिली. उशीर का झाला हे तिने सांगितले आणि ते पटण्यासारखे आहे. जखम नाही म्हणजे संमती होती, असे होत नाही. जे माहीत नाही, त्याला ती सरळ 'माहीत नाही' म्हणाली. पाठ केलेली साक्ष अशी नसते.

"आणि कडी सैल असती तरी फरक पडला नसता," त्या म्हणाल्या. "दार उघडत होतं का, हा प्रश्नच नाही. ती 'नको' म्हणाली होती. तिथेच त्याने थांबायला हवं होतं."

हेमंत दोषी ठरला. बाहेर पडताना तिने माझ्याकडे वळूनही पाहिले नाही. तिला माझी गरज नव्हती.

निकालाच्या शेवटी माझ्यासाठी एक ओळ आहे: अपिलाचा निर्णय लागेपर्यंत मुद्देमाल जपून ठेवावा, नंतर नष्ट करावा. हेमंतने अपील केले आहे. म्हणून मी पुन्हा शिवली गेले. तुळशीराम आता मला हातही लावत नाही. कपाट उघडते, उंदराची खुडबुड ऐकू येते आणि कपाट पुन्हा बंद होते.

मित्रांनो, मला बाहेर काढायची घाई करू नका. लोखंड थांबू शकते. पण तुमच्या घरात, वर्गात, शेजारी कोणी असे काही सांगायला तोंड उघडले, तर आधी ओरखडे मोजायला आणि दारे तपासायला धावू नका. तिच्याजवळ बसा. तिचे बोलणे पूर्ण होऊ द्या.