जीभबुवा आणि दगडनिळी

वस्तीत कोणाच्याही मधपेटीतला पहिला मध आधी एकाच माणसाच्या जिभेवर जायचा, म्हणून त्या म्हाताऱ्याला सगळे जीभबुवा म्हणत. मध आधी चाखावाच लागे, कारण वर कड्याच्या कपारीत दगडनिळीची फुलं फुलायची. बर्फ पडो, वादळ होवो, ही बया काही मरायची नाही. भुंगे तिच्यावर जीव टाकायचे आणि त्यांना काही व्हायचंही नाही. मधमाश्या मात्र खालच्या कुरणात फुलं असेपर्यंत तिच्याकडे ढुंकून बघत नसत. कुरण सुकलं की गाठायच्या कडा, आणि मग तो मध पोटात गेलेला माणूस आडवा व्हायचा. जास्त गेला तर उठायचा नाही. जीभ चुरचुरली, एवढीच त्याची खूण. तसा मध खड्डा खणून पुरून टाकत.

आता दैवाची थट्टा बघा. हिवाळ्यातल्या तापानंतर जीभबुवांची चवच गेली. मीठ, साखर, काढा, सगळं एकच. पण पन्नास वर्षांचा मान एका वाक्यात घालवायचा कसा? त्यांनी ब्रसुद्धा काढला नाही. एकदा सूनबाईकडून भाजीत दुप्पट मीठ पडलं, तर यांनी मिटक्या मारत ताट साफ केलं. सूनबाईला वाटलं, सासरे मन राखतात.

यंदा गारांनी कुरण झोडपून काढलं. आठवड्याभराने सूनबाई सकाळी वाटीत मध घेऊन आली. शेजारी आठ वर्षांची नात, बिट्टी, मांडी ठोकून बसली होती. आजोबांनंतर हे काम तिचं, असं घरात ठरलेलंच होतं.

जीभबुवांनी चमचा तोंडात घातला. काहीच लागलं नाही. त्यांनी डोळे मिटून उगाच वेळ काढला.

"चांगला आहे," ते म्हणाले.

बिट्टीने चमचा चाटला. "आजोबा, माझी जीभ चुरचुरतेय."

म्हाताऱ्याने अजून मध चिकटलेला तो चमचा तिच्याकडून घेऊन खिडकीत ठेवला. तिथेच थांबायला हवं होतं हो! पण चोरी पकडल्यासारखं झालं आणि ते पोरीवरच खेकसले, "चुरचुरतेय म्हणे. कालची पोर तू, जीभ कच्ची आहे तुझी. चाखत राहा. सवय झाली की थांबेल."

बिट्टीचा चेहरा एवढासा झाला. सूनबाईने बरण्या भरून कोठारात ठेवल्या आणि ती पेट्यांकडे निघून गेली.

दुपारी जीभबुवा खिडकीशी बसले होते. सकाळचा चमचा तिथेच राहिला होता. मुंग्यांची रांग भिंतीवरून उतरली, चमच्यापाशी आली, आणि वळसा घालून पुढे गेली. त्यांनी चमचा रांगेच्या मधोमध सरकवला. रांग पुन्हा वळली.

ते काठी न घेताच बाहेर पडले. पेट्यांच्या तोंडाशी माश्या उतरत होत्या, पण खालून कुरणाकडून एकही येत नव्हती. सगळ्या वरून येत होत्या. काही जणी फळीवर झिंगल्यासारख्या चालत होत्या. त्यांनी मान वर केली. कडा या टोकापासून त्या टोकापर्यंत निळा झाला होता. एवढी दगडनिळी त्यांनी जन्मात पाहिली नव्हती.

"सूनबाई, सकाळचा मध पुरून टाक," ते म्हणाले.

"अहो बाबा, तुम्हीच तर चांगला म्हणालात."

"मला चव लागत नाही. हिवाळ्यापासून लागत नाही."

सूनबाईने हातातलं पेटीचं झाकण तसंच खाली टाकलं.

"बिट्टी कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"कोठारात. बरण्यांना कागद चिकटवतेय."

सूनबाई धावत सुटली. मागून म्हातारा धापा टाकत आला.

बिट्टी भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती. मांडीत बरणी होती, गळ्यापर्यंत भरलेली, ती आता निम्मी झाली होती. गारठ्यातही पोरीचं कपाळ घामाने डबडबलं होतं. आजोबांना बघून ती हसली.

"आजोबा, मी चाखत राहिले," ती जड जिभेने म्हणाली. "तुम्ही म्हणालात तसंच झालं. आता अजिबात चुरचुरत नाही. ओठांना हात लावला तरी कळत नाही."

तिच्या हातातून चमचा खाली पडला. बोटं मात्र तशीच चमचा धरल्यासारखी वर गेली आणि तिने तोंड उघडलं.